ताई, माशाचा रंग उतरलाय!

मासा बोलत नाही, हीच सगळी पंचाईत आहे. तो बोलत नाही म्हणून त्याच्या वाटचं माणसं बोलतात, आणि ते सगळं बोलणं सांगलीत माझ्या दुकानात येऊन साचतं. फिल्टर निदान धुता तरी येतो. किस्से कुठे धुणार?

माझं माशांचं दुकान म्हणजे लांबट बोळासारखी खोली, दोन्ही बाजूंना टँक. दुपारी ऊन चढलं की मी शटर अर्धं खाली ओढते. मग रस्ता बाहेरच राहतो. पाण्यातला उजेड छतावर हलत असतो, पंपांची बुडबुड चाललेली असते, आणि स्टुलावर बसलेला माणूस आपण कशाला आलो होतो तेच विसरून जातो. 'पाच मिनिटं बसतो' म्हणून टेकलेली माणसं चहाच्या वेळी दचकून उठतात. आमचा कट्टा असाच जमला. प्रत्येक जण कधी ना कधी आला तो एकच वाक्य घेऊन, "ताई, माशाचा रंग उतरलाय!"

माझा स्वभाव तसा गरीब आहे. पण "म्हणून निळं औषध ओतलं" असं पुढे कुणी म्हटलं, की माझं डोकं फिरतं. अहो, माणूस जरा फिका दिसला म्हणून तुम्ही त्याला शाईच्या पिंपात बसवता का?

*

बिरूभाऊ आटपाडीकडचे. घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं, आता थोडी शेती आणि स्वतःचा टेंपो. सांगलीत माल उतरवला की ते दुकानात डोकवायचे. पहिल्या दिवशी त्यांनी एक पांढराशुभ्र गोल्डफिश पाहिला, डोक्यावर लालभडक टोपी असलेला. बराच वेळ निरखून म्हणाले, "ह्याला शिक्का कुनी मारला?"

मेंढरं एकमेकांत मिसळली तर ओळखू यावीत म्हणून त्यांच्याकडे डोक्यावर, पाठीवर रंग लावतात. मी म्हटलं, "शिक्का नाही, जन्मतःच आहे."

"मग चुकला तर वळखायला सोपा," असं म्हणून बिरूभाऊंनी त्याच दिवशी एक छोटा टँक घेतला. त्यात निऑन टेट्रा सोडले. काडीएवढे मासे, अंगावर निळी-लाल रेघ, दिवा लावल्यासारखी.

दुसऱ्याच दिवशी पहाटे फोन. "ताई, माशांची लाइट गेली!"

मला वाटलं, घरातली वीज गेली. तर नाही. पहाटे धारा काढायला उठल्यावर त्यांनी बॅटरी मारून टँकमध्ये पाहिलं, तर सगळे मासे राखेसारखे. रेघ नाही, रंग नाही. बिरूभाऊंनी मासे पिशवीत भरले, टेंपोत घातले आणि थेट सांगली गाठली. दुकानात पिशवी उजेडात धरली, तर आत सगळ्यांचे दिवे लखलखीत!

"वाटंत बरं वाटलं जनू त्यास्नी," बिरूभाऊ पुटपुटले.

"आजारी नव्हते ते. झोपले होते. अंधारात हे मासे रंग उतरवून ठेवतात. सकाळी उजेड झाला की पुन्हा चढवतात."

बिरूभाऊंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू मी त्यांना सरळ सरळ बनवते आहे. "ताई, आमचं मेंढरू झोपलं तर लोकर काढून ठेवत न्हाई!"

*

तरीही मेंढरांवरचा त्यांचा विश्वास काही ढळला नाही. त्यांचा नियम एकच, कळपातनं जो बाजूला झाला तो आजारी. पुढे त्यांनी मोठा टँक घेतला, एंजल मासे पाळले, आणि एक दिवस सांगत आले, "दोन येगळी पडल्यात. कोपरा सोडत न्हाईत. अंगावरच्या पट्ट्या काळ्याकुट्ट झाल्यात. दुसरं कुनी जवळ आलं तर अंगावर जात्यात. लागन व्हायला नको म्हनून दोघांस्नी बादलीत काढून ठेवलंय."

मी कपाळावर हात मारला. "खातात का?"

"खात्यात की."

"मग घरी फोन करून बादलीत नीट बघायला सांगा."

त्यांच्या बायकोनं बघितलं. बादलीच्या कडेला साबुदाण्यासारखी अंडी ओळीनं चिकटलेली होती आणि दोघं नवरा-बायको त्यांना पंखांनी वारा घालत होते.

"बाळंतपणाची वेळ होती, बिरूभाऊ. आणि तुम्ही त्यांना घराबाहेर काढलंत!"

बिरूभाऊ जराही वरमले नाहीत. "मग बरोबरच केलं की! बाळंतपनाला म्हायेरीच धाडत्यात!"

"नवऱ्यासकट?"

"आमच्या येळंला मी बी म्हैनाभर सासुरवाडीलाच पडून हुतो," ते म्हणाले, आणि पुन्हा टँककडे बघत बसले.

*

माझा सख्खा भाऊ साताऱ्यात त्वचेचा डॉक्टर आहे. नाव मोठं, गर्दी मोठी, आणि गर्दीला बसवून ठेवायला बाहेरच्या खोलीत मीच दिलेला टँक. त्यात गोल्डफिशची जोडी.

एक दिवस त्याचा फोन आला. आवाज अगदी दबका. "मंजू, एकाच्या तोंडावर पांढरे बारीक दाणे उठलेत. खाज नाही."

"खाज नाही, हे त्यानं सांगितलं तुला?"

"चेष्टा नको. पेशंट बघतायत. आज एक बाई दुसरीला म्हणाली, डॉक्टरच्याच माशाला झालंय, आपल्याला काय बरं करणार! रिसेप्शनवरच्या मावशींनी टँकसमोर कॅलेंडर लावलंय. तर आता सगळे कॅलेंडर उचलून बघतायत."

मी विचारलं, "दाणे अंगभर आहेत का? मीठ भुरभुरल्यासारखे? दगडाला अंग घासतो का?" तसं असेल तर तो खरा आजार, आणि मग घाई करावी लागते.

"नाही. फक्त गालांवर, रांगेत."

"जेवतो?"

"माझ्यापेक्षा जास्त."

"दुसऱ्या माशाच्या मागे मागे फिरतो?"

"दिवसभर."

"दादा, तो आजारी नाही. वयात आलाय. नराला विणीच्या दिवसांत येतात ते दाणे. आपोआप जातील. आणि काहीही ओतू नकोस!"

दादानं सुटकेचा श्वास टाकला, कॅलेंडर काढायला लावलं आणि जमलेल्या पेशंटांना मोठ्या रुबाबात सांगितलं, "काही नाही, वयाचा परिणाम आहे. औषध लागत नाही."

रांगेत पहिलाच नंबर कॉलेजच्या एका पोराचा होता, तोंडभर मुरुमं. तो म्हणाला, "सर, मग मला का एवढी औषधं दिलीत?"

*

खरं सांगू? रंगाचं काही खरं नसतं. काळ्या वाळूवर ठेवलेला मासा गडद होतो, पांढऱ्या वाळूवर फिका. नव्या घरी आलेला भीतीनं उतरतो, चार दिवसांत रुळला की फुलून येतो. एखादा पिलूपणी काळा असतो, मोठेपणी केशरी होतो, म्हातारपणी पांढरा. दुखणं असलं तर ते आधी वागण्यात दिसतं. श्वास घाईचा होतो, पंख अंगाला चिकटतात, खाणं समोरून वाहत गेलं तरी मन लागत नाही. म्हणून मी सगळ्यांना सांगते, रंग सोडा, आधी नुसतं बघत बसा.

आणि बघत बसणं हाच तर आमचा उद्योग. उन्हाळ्याच्या दुपारी कट्ट्यावर कुणी बोलत नाही. बिरूभाऊंची मान हळूहळू छातीवर येते. मासे काचेपाशी येतात, आमच्याकडे पाहतात, वळतात. कधी कधी मला वाटतं, पाणी इकडे आहे आणि कोरडं तिकडे. तेवढ्या वेळात मला कुणाचा राग येत नाही. मला ती वेळ फार आवडते.

त्या वेळचे पक्के गिऱ्हाईक म्हणजे आबा.

*

आबा विट्याचे. तिकडचे कितीतरी लोक सोनं गाळायचा धंदा घेऊन देशभर पांगलेत, तसेच आबा. उभी हयात मदुराईला भट्टीपुढे गेली. त्यांची बायको, आमच्या काकी, विट्यात, सासू-सासरे, शेत आणि पोरं सांभाळत. म्हातारपणी दोघं सांगलीत राहायला आली, आणि रिकामपणाला कंटाळून आबा माझ्या स्टुलावर.

आल्या आल्या त्यांनी एका टँकवर बोट ठेवलं. "पोरी, हे काळं काय हाय?"

"गोल्डफिशची पिल्लं."

"ह्यात गोल्ड कुठाय?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी काचेला नाक लावलं. "हाय. पोटाला हाय. आत दडलंय." आणि ती मळकट पिल्लं घेऊन गेले.

पिल्लं मोठी झाली तशी केशरी झाली, सगळ्यांचीच होतात. पण आबांनी त्याचं सगळं श्रेय स्वतःकडे घेतलं! सोनारांच्या दुकानातल्या केरातून, राखेतून सोनं काढणारा माणूस तो. "आटनीतनं निघालं बग सोनं! नजर लागती, नजर!" असं ते बिरूभाऊंना रोज सांगायचे. शेजारपाजारचे लोक अजूनही दागिना घेऊन त्यांच्याकडे यायचे. आबा तो उन्हात धरायचे आणि सांगायचे, खरा की भेसळीचा. ते सांगतील ते प्रमाण.

मग त्या माशांतली एक मासोळी पोटाकडून पांढरी होऊ लागली. आबा तणतणत आले. "किती टंचाचा मासा दिला हुतास? सोनं उडालं, चांदी ऱ्हायली!"

"माशाला हॉलमार्क नसतो, आबा. काही काही होतात पांढरे. जेवते ना? शेपूट मोकळी आहे ना?"

"जेवती. तुरूतुरू फिरती."

"मग झालं तर."

आबा नाराज होते. काकींना मात्र ती फार आवडली. त्यांनी तिचं नाव चांदी ठेवलं.

*

बरेच दिवस गेले. एका रविवारी आबा काचेच्या बरणीत चांदीला घेऊन आले. चेहरा नुसता फुललेला.

"बगा गड्यांनो! चांदीला सोनं चढाया लागलंय! तुझं शास्तर काय म्हनतंय ह्याला, पोरी?"

आम्ही बरणीत पाहिलं. चांदी दुधासारखी पांढरी होती. बिरूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मी बिरूभाऊंकडे. त्यांना वाटलं, आबा गंमत करतायत, म्हणून ते हसले. आबा हसले नाहीत.

योगायोगानं दादा त्या दिवशी साताऱ्याहून आला होता. दादा माशाकडे बघतच नव्हता, आबांकडे बघत होता. सहज विचारावं तसं म्हणाला, "आबा, ही मागची भिंत कुठल्या रंगाची हो?"

"पिवळी की. हळदीवानी. कवा रंगवलीस गं?"

भिंत पांढरीच होती. मी ती कधीच रंगवली नव्हती.

दादानं मला बाहेर नेलं. "मासा ठणठणीत आहे. आबांचा मोतीबिंदू पिकलाय. लांबवलं तर अवघड होईल."

आता हे आबांना सांगायचं कुणी? दुकान माझं, मासा माझा, म्हणून मीच सांगितलं. गोड बोलायला मला कधीच जमलं नाही. "आबा, चांदी पांढरीच आहे. तुमचे डोळे दाखवून या."

आबांचा आवाज चढला. "राखंतलं सोनं वळखलंय मी ह्या डोळ्यांनी! तू मला पांढरं-पिवळं शिकवतीस?" बरणी उचलली आणि गेले. जाताना शटरची कड त्यांच्या कपाळाला लागली. ते वळलेही नाहीत.

*

आबांचं स्टूल रिकामं राहिलं. बिरूभाऊ आले की त्यावरची धूळ पुसायचे, पण बसायचे दुसऱ्यावर. माझं दुपारचं लक्ष लागेना. एका म्हाताऱ्या माणसाला मी चार लोकांत दुखवलं, ते मनातून जाईना. पण खोटं तरी कसं बोलणार होते?

एक दिवस काकी एकट्याच आल्या. टेकल्या आणि म्हणाल्या, "संध्याकाळचं आपलंच फाटक वलांडून फुडं जात्यात. रस्त्यानं माझा हात धरून चालत्यात. बाया म्हनत्यात, म्हातारपनी काय पिरेम! पिरेम कसलं गं, ठेच लागती त्यास्नी."

"डॉक्टरांकडे चला म्हणावं की."

"म्हटलं. कितीदा म्हटलं. डोळा गेला म्हटलं की सगळी हयातच खोटी पडती म्हनत्यात. आन् असंच ऱ्हायलं तर ठार आंधळं हुतील ना गं?" काकींनी नाक पुसलं आणि माशाचं खाणं मागितलं.

पुढच्या आठवड्यात त्या आबांना घेऊनच आल्या. खाणं संपलं, असं सांगून आणलं असावं. आबा माझ्याकडे पाठ करून बसले. दुपार होती, मोगऱ्याचे दिवस. काकींच्या डोक्यात परसातला गजरा होता. त्यांनी तो काढला आणि आबांच्या तळहातावर ठेवला.

"हे कुठलं फूल?"

"शेवंती."

"रंग?"

"पिवळा. परीक्षा घेतीस व्हय माझी?"

"वास घ्या," काकी म्हणाल्या.

आबांनी हात नाकाशी नेला. मग तो तिथेच राहिला. पंप बुडबुडत होते. बिरूभाऊ खाली बघत होते. मी उगाचच एक जाळी धुवायला घेतली.

शेवटी आबा म्हणाले, "बिरू, मिरजंला जायला टेंपो हाय का रं?"

"आवं आबा, टेंपो कशाला? चांगली मोटार बघतो की."

"टेंपोच बरा. म्हाताऱ्या मेंढराला आनिक काय लागतंय!"

*

मिरजेला उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. हिरवी पट्टी निघाल्यावर आम्ही सगळे भेटायला आबांच्या घरी गेलो. दादाही होता. आबा टँकसमोर खुर्ची टाकून बसले होते, आणि एक खेळ चालला होता.

उजवा डोळा हातानं झाकायचा. "सोनं!"

डावा झाकायचा. "चांदी!"

पुन्हा उजवा. "सोनं!" लहान पोरासारखे खुशीत होते. चांदी आपली संथपणे एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे जात होती.

दादा म्हणाला, "पुढच्या महिन्यात डाव्याचंही करून घेऊ."

"त्यो ऱ्हाऊ द्या, डाक्टर."

"का हो?"

आबांनी उजवा डोळा झाकला आणि डाव्यानं खोलीभर पाहिलं. भिंत, खिडकी, पाणी, आमचे चेहरे. "ह्या डोळ्यात अजून मदुराईची भट्टी पेटलीया. जिकडं बघावं तिकडं त्योच उजेड. एवढा एक ठेवतो माझ्यापाशी."

बिरूभाऊ म्हणाले, "आबा, येक डोळा विझला तर चालताना ठेच लागंल," पण ते त्यांनी इतकं हळू म्हटलं, की माझ्यापलीकडे कुणाला ऐकू गेलं नसेल.

तेवढ्यात काकी चहा घेऊन आल्या. उन्हाच्या पट्ट्यात वाकून त्यांनी आबांसमोर कप धरला. आबांनी हात खाली घेतला आणि नव्या डोळ्यानं त्यांच्याकडे पाहिलं. कप घेतलाच नाही. बघतच राहिले.

"आगं, मेंदी लावायची बंद केलीस व्हय?"

"मेंदी? मी कवा लावली मेंदी?"

"मग केसं? ही सगळी पांढरी कवा झाली?"

काकींनी कप टेबलावर ठेवला. पदर सारखा केला.

"तुमी मदुराईला हुता तवा."

टँकचा पंप चालू होता. आबांचा हात डोळा झाकायला पुन्हा वर गेला होता, तो अर्ध्यातच थांबला. त्यांनी तो गुडघ्यावर ठेवला.

मग दादाकडे वळून म्हणाले, "डाव्याचं कवा म्हनला, डाक्टर?"